गाऊन आणि पदर : स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा मान घरात कसा राखता?

मंगळवारपेठेतली सून

आमच्या आक्कांना (माझ्या सासूबाई, वय ७९) अल्झायमर असल्याचं कळून चार वर्षं झाली. गोळ्या-औषधांबद्दल इथं आधी बरंच बोलून झालंय, ते परत काढत नाही. आज एका लुगड्याबद्दल सांगायचंय, आणि मग तुमच्याकडून ऐकायचंय.

आक्कांनी जन्मभर नऊवारी नेसलं. पहाटे अंधारात, आरशात न बघता नेसायच्या, आणि कासोटा असा की म्हशीखाली बसून धार काढली तरी ढिला पडायचा नाही. गेल्या वर्षी कपड्यात लघवी व्हायला लागली. दिवसातून तीन-तीनदा लुगडं सोडायचं, धुवायचं, परत नेसवायचं. मी नेसवायला गेले की हात धरायच्या, "सोड, माझं मी नेसतो." (आमच्या कोल्हापूरकडच्या जुन्या बायका 'नेसतो, जातो' असंच बोलतात.) आणि निऱ्या हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. पुढं काय करायचं ते सुचायचं नाही. शेवटी मी पुढून बटणं असलेले चार गाऊन आणले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

त्यानंतर आक्का सोप्यात येऊन बसायच्या बंद झाल्या. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहायच्या, आणि उजवा हात सारखा डाव्या खांद्याकडं जायचा. खांदा चाचपायचा, काही सापडलं नाही की परत मांडीवर. थोड्या वेळानं पुन्हा. खाज येत असेल म्हणून मी खोबरेल लावलं. कातडीच्या डॉक्टरांना दाखवून मलमही आणलं.

गौरीच्या दिवशी शेजारच्या बायका आल्या. माझ्या हातात वाळलेला पंचा होता, तो घाईत आक्कांच्या खांद्यावर टाकून मी दार उघडायला गेले. परत येते तोवर आक्कांनी तो पंचा डोक्यावरून ओढून घेतला होता, कानामागून दोन्हीकडं सारखा. उठून बाहेर आल्या, सोप्यात भिंतीला टेकून बसल्या आणि बायकांना म्हणाल्या, "बसा की गं. उभ्या का?" सहा महिन्यांत आल्यागेल्याला बसा म्हटलं नव्हतं त्यांनी. सहा महिने त्या पदर शोधत होत्या आणि मी मलम चोळत होते.

दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडच्या मागच्या बोळातल्या शिंपीदादांना घरी बोलावलं. त्यांनी शिवलेली नऊवारी करून दिली. कमरेला इलॅस्टिक, मागं चिकटपट्टी, कासोटा दिसायला तसाच पण एका हातानं सुटणारा, आणि पदर पुऱ्या लांबीचा. माप घेताना त्यांनी मला नाही विचारलं, आक्कांना विचारलं, "आक्का, पदर केवढा ठेवू?" आक्कांनी हात लांब करून दाखवला, "डोक्यावरनं येऊन कमरंला खोचाय आला पायजे." चार वर्षं आम्ही ज्या ज्या दवाखान्यांत गेलो, तिथं आक्का समोर बसलेल्या असताना "आजी जेवतात का?" हा प्रश्न सगळ्यांनी मलाच विचारला.

तुमच्या घरात असं काय सापडलं? मोठं काही नको. रोजचंच सांगा.

निवृत्त सिस्टर

ताई, तुमचा धागा वाचून जरा वेळ काही लिहिता आलं नाही. वॉर्डात मी स्वतः किती जणींना गाऊन घातले असतील.

जास्त लिहिते, कामाचं आहे. पहिलं म्हणजे "मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?" हे पाहुण्यांनी विचारायचं बंद करा. ती परीक्षा होते आणि माणूस चारचौघांत नापास होतो. आत आल्याबरोबर आपणच सांगायचं, "आक्का, मी तुमच्या धाकट्या भावाची लेक, निपाणीहून आलेय." नाव त्यांना आठवो न आठवो, लाज वाटायची वेळ येत नाही.

दुसरं, चांगलं चाललेलं माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडलं, भलतंच बोलायला लागलं, रात्रभर बडबडलं, तर "आजार वाढला" म्हणून सोडू नका. स्मृतिभ्रंश सहसा असा रात्रीत वाढत नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नवी एखादी गोळी, कुठंतरी दुखणं, यातलं काहीतरी बहुतेकदा असतं. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, मग ते हात झटकतात, मारायला उठतात. आपण त्याला 'हट्टीपणा' म्हणतो. आणि निदान झालेलं नसेल तर बी-१२ आणि थायरॉईड तपासल्याशिवाय कपाळावर शिक्का मारू नका, त्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि ते उपचारानं सुधारू शकतं. कानाची मशीन, चष्मा बघा. ऐकू न येणाऱ्याला 'काही कळत नाही' म्हणणारी घरं मी पाहिलीत.

शांत बसवणाऱ्या गोळ्यांबद्दल एकच. मनोविकारावरच्या त्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्येच छापायला लावला. कधी कधी त्या द्याव्या लागतात हे खरं. पण किती दिवस आणि कशासाठी, हे डॉक्टरांना विचारायचंच. नुसतं शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून नको.

आपण एकटे नाही आहोत. २०२३ साली छापून आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तरी आपल्याकडं अजून 'म्हातारचळ लागला' म्हणतात.

गंगावेस तालीम

आमचे आबा वस्ताद होते. वय ८२. पहाटे चारला उठतात आणि लंगोट मागतात. तालमीला जायचं म्हणून दार उघडून चालायला लागतात. दोन वर्षांपूर्वी असेच गेले आणि सकाळी आठला पंचगंगेच्या घाटावर सापडले. आम्ही घाबरून दाराला बाहेरून कुलूप लावायला लागलो. मग आबा आतून दार बडवायचे. ज्या माणसानं खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्त्या मारल्या तो स्वतःच्या घरात "मला का कोंडलाय रं?" म्हणून ओरडतोय, हे मी तीन आठवडे ऐकलं. नंतर नाही ऐकवलं.

आता मी चारला उठतो. सोबत जातो. कुलूप काढलं, त्याऐवजी दाराला घंटी बांधली, म्हणजे दार उघडलं की मला जाग येते. सदऱ्याच्या आतल्या खिशाला माझा नंबर शिवलाय. वाटेवरच्या चहावाल्याला, पानवाल्याला, रिक्षा स्टॉपवर सगळ्यांना सांगून ठेवलंय, एकटे दिसले तर "वस्ताद, चहा घ्या" म्हणून बसवून घ्यायचं आणि फोन करायचा. हाताला धरून ओढायचं नाही.

आणि तालमीतली पोरं! आबा आले की पाया पडतात. हौद्यातली माती मळायची वेळ असेल तर विचारतात, "वस्ताद, ताक किती घालू?" आबा वाकून माती मुठीत घेतात, दाबतात, सोडतात. "तेल कमी हाय. लिंबू पिळ अजून. हळद कुठं हाय?" माझं नाव त्यांना येत नाही, मला 'पाव्हणं' म्हणतात. पण माती बरोबर सांगतात. मग कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध एक पेला, आणि घरी. दिवसभर शांत असतात.

निवृत्त सिस्टर

दादा, नावं-प्रसंग ज्या स्मरणात राहतात ते आधी जातं. हातानं केलेल्या कामाची, सवयीची स्मृती मेंदूत वेगळीकडं असते आणि ती बरीच उशिरापर्यंत टिकते. म्हणून माती कळते. तुम्ही ज्याला फिरवून आणणं म्हणताय तो उपचारच आहे.

कळंबा रोड

मी गेले दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको कळत नव्हतं.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मला लाज वाटली. माझी आई माझ्याकडं असते. भाऊ पुण्याला, दर महिन्याला पैसे पाठवतो, फोनवर सांगतो, "आईला जप." मिस्टर गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये. आई रात्री दोनला उठते, कपाटं उपसते, "माझं बोरमाळ कुणी चोरलं?" विचारते. माझ्याकडंच बघून विचारते. परवा तिनं विष्ठा भिंतीला फासली. मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. पण ती दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसली, लहान पोरासारखी, आणि म्हणाली, "बाई, मी जातो माझ्या घरला."

मान राखायचा म्हणजे काय ते मला कळतं. पण रात्री दोनला अंगात ते उरत नाही. शिवलेली नऊवारी मी नाही करू शकत. मी आज केस विंचरलेले नाहीत, माझे.

उद्यमनगर

कळंबा रोड ताई, हात उगारून तुम्ही थांबलात. आणि इथं येऊन लिहिलंत. आमच्या घरात यापुढचं झालंय आणि ते कुणी कुठं लिहिलं नाही. एवढंच सांगतो.

माझं थोडं वेगळं आहे. घरात मी आणि आई, बाई माणूस नाही. बहीण इचलकरंजीला. कामाला ठेवलेल्या मावशी तीन महिन्यांत सोडून गेल्या. आईला आंघोळ कुणी घालायची? मी घालायला गेलो तर आई रडायची, "पोरा, भाईर जा." आठ-आठ दिवस आंघोळ नाही. एकदा जबरदस्तीनं पाणी ओतलं. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला आणि मला राग आला नाही, कारण चूक माझी होती.

उपाय बहिणीनं सांगितला. लहानपणी घाटावर बायका परकर छातीवर बांधून आंघोळ करायच्या ना, तसं कर. आता आई आत जाऊन (दार लोटलेलं, कडी नाही) परकर वर बांधते, नाडी बांधायला मी मागून मदत करतो. ती पाटावर बसते, मी पाठीमागं. तांब्या तिच्या हातात. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, पायांपासून सुरुवात. मी फक्त पाठ चोळतो, बाकी तिचं ती. झालं की कोरडा परकर ओल्यावरून घालायचा, मग आतला ओला खाली सोडायचा, घाटावर करायच्या तसंच. अंग एकदाही उघडं पडत नाही. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून विचारलं, "आज पाणी लई वाढलंय का गं नदीला?" मी म्हटलं, "नाही, पायरी दिसतीय." त्या दिवसापासून आंघोळीला नाही म्हणाली नाही.

बाथरूमात धरायला दांडा माझ्या वर्कशॉपमध्येच बनवून बसवला. दांड्याला लाल रंग दिलाय. पांढऱ्या फरशीवर स्टीलचा दांडा तिला दिसतच नव्हता.

राजारामपुरी

उद्यमनगर दादा, "पायरी दिसतीय" हे तुम्ही बोललात त्यावरून विचारतो. आमच्या घरात यावरूनच भांडण आहे. आमची आई २०१६ ला गेली. आप्पा रोज संध्याकाळी विचारतात, "ही अजून कशी आली नाही?" मी सुरुवातीला खरं सांगायचो. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळायचे. म्हणून मी "माहेरी गेलीय, येईल" म्हणायला लागलो. थोरल्या भावाला हे पटत नाही. तो म्हणतो, आप्पा जन्मभर मास्तर होते, खोटं खपवून घेतलं नाही, त्यांनाच आपण रोज फसवायचं, यात कसला मान?

समाजकार्य शिकवते

तुमच्या भावाचा मुद्दा हलका नाही. टॉम किटवूड नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते, स्मृतिभ्रंशाच्या माणसाला 'आजार' म्हणून न बघता 'माणूस' म्हणून बघा, हे त्यांनी लावून धरलं. वाईट हेतू नसतानाही आपण अशा माणसाला कसं खच्ची करतो, याची त्यांनी एक यादीच केली होती. लहान मुलासारखं वागवणं, त्याच्या वेगापेक्षा घाईनं सगळं उरकणं, तो समोर असताना नसल्यासारखं बोलणं. त्या यादीत फसवणूकही होती.

पण "ही कुठाय?" हा पत्ता विचारणारा प्रश्न नसतो बहुतेक वेळा. संध्याकाळी उजेड उतरला की अस्वस्थता वाढते, तेव्हा जवळचं माणूस हवं असतं. म्हणून खरं की खोटं हे ठरवायच्या आधी "आठवण येतेय का आप्पा?" असं विचारून बघा. आणि दिवे लवकर लावा, पडदे ओढून घ्या. त्यांनी थेट "मेली का ती?" विचारलं तर मात्र माझ्या मते खोटं बोलू नये. हात धरून सांगावं आणि तिथंच बसून राहावं.

राजारामपुरी

काल विचारलं तसं. आप्पा म्हणाले, "आठवण कसली, तिला अंधारात वाडी रत्नागिरीचा घाट उतरायची भीती वाटते." मग तिथल्याच जोतिबाच्या चैत्र यात्रेला दोघं बैलगाडीतून गेले होते ते सांगत बसले, वीस मिनिटं. मला हे माहीतच नव्हतं. भावाला अजून पटलेलं नाही, पण तोही ऐकत बसला होता.

कसबा बावडा, वकिली करते

मान म्हणजे सहीसुद्धा. निदान लवकर झालं असेल आणि माणसाला अजून समजत असेल तर त्यांच्या पैशाचं, घराचं, दवाखान्याचं त्यांना आत्ताच विचारा. नंतर त्यांच्या वतीनं बाकीचे भांडतात.

बरेच जण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. आपल्या करार कायद्यानुसार देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारपत्राचा अधिकार संपतो, म्हणजे गरज पडते तेव्हाच ते निकामी. म्हणून बँक खातं दोघांच्या नावानं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं करणं, नामनिर्देशन, मृत्युपत्र, हे भान असतानाच करावं. उशीर झाला असेल तर पालक म्हणून नेमणूक मिळवायला उच्च न्यायालयात रिट करावी लागते. पूर्वी त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागायचे, ऑगस्ट २०२५ पासून त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर बसतंय.

शेवटच्या काळात नळ्या, व्हेंटिलेटर हवं की नको, हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ ला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. माझ्या वडिलांनी लिहून ठेवलं होतं. दवाखान्यात आम्ही तिघं भावंडं एकमेकांचं तोंड बघत बसलो नाही, त्यांचा कागद वाचला.

शाहूपुरी

एक छोटंसं. घरातल्या पोरांनी आजीचा व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला, ती आरशातल्या स्वतःशी "कोण गं तू, जेवलीस का?" म्हणून बोलत होती. चाळीस जणांनी हसायच्या बाहुल्या टाकल्या. मी पोरांना ओरडलो नाही. बसवून विचारलं, तुला ताप येऊन तू बरळताना मी असं टाकलं तर? त्यांनी काढून टाकला. आरसाही झाकला. पण नंतर वाटलं, ती आरशातल्या बाईलाही जेवलीस का विचारत होती.

निवृत्त सिस्टर

कळंबा रोड, तुम्ही परत लिहिलं नाही म्हणून लिहिते. रात्रीची जाग चार-चार महिने सहन करून कुणीही चिडेल. विष्ठा फासणं म्हणजे बऱ्याचदा हाताला काहीतरी ओलं-चिकट लागलं, ते पुसायचं कुठं कळलं नाही, एवढंच असतं. रोज जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी संडासला बसवून बघा, आणि पोट साफ होतं का ते डॉक्टरांना सांगा. बोरमाळेसाठी बेन्टेक्सची एक आणून तिच्या डब्यात ठेवा, "शोधू या का आपण?" म्हणून सोबत शोधा. भावाला पैशाऐवजी महिन्यातले चार दिवस मागा. तो आईला जपायला सांगतो ना, मग येऊन जपू दे. अगदीच कोंडी झाली तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आहे. आणि आधी झोपा.

मंगळवारपेठेतली सून

सगळ्यांचं दोनदा वाचलं. घंटीची युक्ती आम्ही काल केली. परकराची आजपासून.

कळंबा रोड ताई, शिवलेल्या नऊवारीचं मनाला लावून घेऊ नका. ती सुचायच्या आधी सहा महिने मी मलम चोळलंय. तुम्ही आईंना घेऊन शुक्रवारी दुपारी आमच्याकडं या. तीन ते सहा. आक्का सोप्यात बसलेल्या असतात, त्यांना माणूस लागतं. दोघी बसतील, शेंगा सोलतील, मी इथंच असते. तुम्ही आत झोपा. खोलीला कडी आहे. पत्ता निरोपात पाठवलाय.

कळंबा रोड

निरोप मिळाला. भावाला फोन केला. रडायला आलं, पण बोलले सगळं. पुढच्या शनिवारी येतो म्हणालाय, बघू.

शुक्रवारी आम्ही दोघी येतो. आईला शेंगा सोलायला येतात. चहात आलं घालू नका तिच्या, आणि कप नको, पितळी भांडं असेल तर त्यात द्या. तिला दोन्ही हातांनी धरून प्यायची सवय आहे.

मंगळवारपेठेतली सून

पितळी आहे. आक्कांचंच आहे, त्यांच्या लग्नातलं. आजच चिंचेनं घासून ठेवते.